खाडीतून आलेला क्रँक

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. क्रँक साखळीला टांगला की कुणी बोलायचं नाही. ग्राइंडर बंद, लेथ बंद, कॉम्प्रेसर बंद, मोबाइलवरची गाणी बंद. चहावाला आला तरी तो दारातच थांबतो. मग सुपडूआप्पा पितळी हातोडी घेतात आणि टांगलेल्या क्रँकला हलका टोला देतात. फक्त एक.

क्रँक निरोगी असेल तर तो घंटेसारखा वाजतो. आवाज बारीक होत जातो, आणि संपला असं वाटल्यावरही थोडा उरतो. पोटात कुठे भेग असेल तर फुटक्या मडक्यासारखा नुसता 'ठक्' होतो. पहिल्याला आमच्याकडे बोलका म्हणतात, दुसऱ्याला मुका. आप्पा खडूने क्रँकवर तसं लिहितात. बोलका असेल तर पुढचं काम. मुका असेल तर भंगार.

मी या शेडचा तपासणी इंजिनिअर. आमचं काम क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे झिजलेल्या क्रँकशाफ्टला पुन्हा गोल आणि गुळगुळीत करण्याचं. शेड पांडेसऱ्यात, डाइंग मिलींच्या गराड्यात आहे. याच भागातल्या एका मिलमध्ये माझे वडील रंगखात्यात होते. त्यांच्या नखांचा रंग रोज वेगळा असायचा. मी पारोळा तालुक्यातल्या मामांकडे राहून शिकलो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. गणिताच्या सरांनी फी माफीसाठी हेडमास्तरांपुढे हात जोडले नसते, तर मीही आज कुठल्या तरी रंगाच्या टाकीपाशी उभा असतो. हे मी विसरत नाही. म्हणूनच 'इंजिनिअर' हा शब्द नावापुढे लावताना मला अजून थोडं जपून बोलावंसं वाटतं.

लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. क्रँक असा वेडावाकडा का असतो? सरळ दांडा का नाही करत?

मी त्यांना जात्याची आठवण करून देतो. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. बाईचा हात पुढे-मागे जातो आणि दगड गोल फिरतो. खुंटा मधोमध ठोकला तर हात कितीही हलवा, दगड फिरणार नाही. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. त्यांचा तो सरळ धक्का गोल फिरवायचा तर क्रँकला असे कडेचे खुंटे लागतात, प्रत्येक पिस्टनला एक. म्हणून तो वाकडा. आणि ते वाकडेपण इतकं नेमकं असतं की खुंटा केसाच्या जाडीएवढा जरी चुकला, तरी इंजिन काही दिवसांत स्वतःलाच खाऊन टाकतं.

दुसरा प्रश्न असतो, इंजिन खोलून पुन्हा जोडणं किती अवघड? यावर मी डिंडोलीच्या एका टेम्पोवाल्याची गोष्ट सांगतो. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिन स्वतःच खोललं, आणि क्रँकला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या कॅपा एका पिशवीत भरून आमच्याकडे आला.

"नंबर बघून काढल्या का?" मी विचारलं.

"कसले नंबर? सगळ्या सारख्याच तर आहेत साहेब. जुळ्या बहिणींसारख्या."

"जुळ्या असल्या तरी नवरे वेगळे असतात ना भाऊ?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

खरं तेच आहे. कॅप इंजिनातल्या तिच्या जागेवर बसवूनच कारखान्यात दोन्हींत मिळून एक भोक पाडतात. एका जागेची कॅप दुसऱ्या जागी गेली की भोक गोल राहत नाही, आणि क्रँक आवळला जातो. त्या बिचाऱ्याच्या कॅपा जुळवण्यात आमचा आख्खा दिवस गेला. जाताना तो पेढे देऊन गेला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा माझ्यासमोर एकच क्रँक येऊन उभा राहिला. उभाच, कारण क्रँक आडवा ठेवत नाहीत. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतो.

तो आणला रमणकाकांनी. काका तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, खाडीच्या मुखावरच्या मच्छीमार गावातले. त्यांच्या दोन होड्या होत्या, दोन्हींत एकाच बनावटीचं इंजिन. थोरला मुलगा मुकेश एक होडी चालवायचा, धाकटा जिग्नेश दुसरी. आदल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर मुकेशची होडी लाटेने उलटली. बरोबरचे दोघे पोहून आले. मुकेश मिळाला नाही. पुढे कधीतरी मोठ्या ओहोटीला होडीचा सांगाडा उघडा पडला, आणि गावकऱ्यांनी साखळदंड लावून चिखलातून इंजिन ओढून काढलं.

इकडे जिग्नेशच्या होडीचा क्रँक तुटला. या बनावटीचा नवा आता मिळत नाही. रमणकाकांनी ठरवलं, मुकेशच्या इंजिनातला क्रँक जिग्नेशच्या इंजिनात बसवायचा.

"साहेब, चिखलात होता, पण लोखंड खरं आहे," ते म्हणाले. "फक्त तो जिवंत आहे का, सांगा."

गंजाने तो क्रँक कातडी सोललेल्या जनावरासारखा दिसत होता. तेलाच्या भोकांत शिंपल्यांचा चुरा बसला होता. आमच्या माणसांनी तो साफ केला, दुसऱ्या दिवशी टांगला, सगळं बंद झालं, आणि आप्पांनी टोला दिला.

तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. तो वाजला, वाजत राहिला, पातळ होत गेला, आणि संपेचना. दारातला चहावाला पुटपुटला, "बंद करा रे कुणीतरी." शेवटी आप्पांनीच पुढे होऊन त्याला हात लावला, तेव्हा थांबला.

मी चुंबकाची तपासणीही केली. ती अशी असते: क्रँकचा चुंबक करायचा, वर लोखंडाची चमकणारी भुकटी मिसळलेलं तेल ओतायचं, आणि काळ्या पडद्याआड निळ्या दिव्याखाली बघायचं. भेग असेल तिथे भुकटी जमून हिरवी रेघ पेटते. मी खुंट्यांना दांड्याशी जोडणारी पाळी न् पाळी बघितली. रेघ नव्हती. आप्पांनी खडूने लिहिलं, 'बोलका'. ग्राइंडरवर आधीची कामं होती, म्हणून क्रँक कोपऱ्यात साखळीलाच टांगून ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीपासून ते सुरू झालं.

सुट्टीत आमची मशीनं बंद असतात. आम्ही सगळे पत्र्याच्या सावलीत गोल करून बसतो. कळण्याची भाकरी, ठेचा, कुणाकडे खिचडी. आप्पांनी घास तोंडाशी नेला आणि तसाच धरला.

"भाऊसाहेब, हाऊ बोली ऱ्हायना."

"कोण बोलतोय आप्पा?"

त्यांनी कोपऱ्याकडे मान केली. मीही ऐकलं. बारीक, सलग, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा आवाज. मी उठून क्रँकला तळवा लावला. तळव्याला मुंग्या आल्या. क्रँक खरंच थरथरत होता. हात काढला की पुन्हा गुणगुण सुरू.

मी कारण शोधायला लागलो. शिकलो ते कशासाठी? शेजारच्या मिलमध्ये कापड ताणून वाळवणारं स्टेंटर मशीन आहे. त्याचा ब्लोअर दिवसभर एका लयीत फिरतो. मी मिलमधल्या ओळखीच्या फिटरला सांगून ब्लोअर थोडा वेळ बंद करायला लावला. गुणगुण थांबली. चालू केला, आली. प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक सूर असतो, आणि बाहेरून तोच सूर आला की ती आपोआप वाजू लागते. ब्लोअरचा सूर आणि या क्रँकचा सूर एक निघाला, इतकंच. मी सगळ्यांना जमवून हे नीट समजावलं.

सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जेवायला सगळे शेडच्या मागे, उन्हात जाऊन बसले.

"तुमचं बरोबर आहे साहेब," आमचा लेथवाला म्हणाला. "पण इतके क्रँक येऊन गेले, ब्लोअर तोच आहे. यालाच बरी ओळख पटली?"

रमणकाका चौकशीला आले, ते नेमके सुट्टीच्या वेळी. मी त्यांना काही सांगणार, त्याआधीच ते कोपऱ्यापाशी थबकले. पायातल्या चपला काढल्या. बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"सांभळो छो ने, साहेब? ऐकताय ना?"

"काका, ते शेजारच्या ब्लोअरमुळे..."

"आ मारो मुकेश छे," ते अगदी साधेपणाने म्हणाले. "होडी चालवताना असाच गुणगुणायचा. तोंड बंद ठेवून. त्याची आई ओरडायची, नीट गा नाहीतर गप्प बस."

त्यानंतर ते जवळजवळ रोज यायला लागले. सुट्टीत एक स्टूल ओढून क्रँकसमोर बसायचे. कामगारांना ते आवडत नव्हतं, पण म्हाताऱ्या बापाला हाकलणार कोण? आमचे शेठ किशोरभाई मला म्हणाले, "याला लवकर ग्राइंडरवर घ्या. माणसं वाढदिवस, सत्यनारायण, काय वाटेल ते सांगून सुट्टी घ्यायला लागलीत."

क्रँकचा नंबर लागायच्या आदल्या दिवशी जिग्नेश आला. पंचविशीतला, उन्हाने रापलेला, फार न बोलणारा पोरगा. दुपारची वेळ होती. बाप अजून पोहोचला नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, एक काम करा. हा खराब आहे म्हणून सांगा."

"का रे?"

"मी हा घेऊन दर्यात जाणार नाही. पप्पांना कसं सांगू? ते म्हणतात, मोठा भाऊ तुझ्याखाली बसून तुला घरी आणेल. आणि मला वाटतं..." तो थांबला. "तो मला तिकडे नेईल."

मला त्याचा राग आला नाही. पण खोटं मी कसं सांगणार? क्रँक तपासलेला होता. माझ्या सहीवर लोक समुद्रात जातात. आज भीतीपोटी चांगल्याला वाईट म्हटलं, तर उद्या भिडेपोटी वाईटाला चांगलं म्हणायला वेळ लागणार नाही. मी त्याला तेच सांगितलं.

"म्हणजे क्रँकमध्ये काही खोट नाही?"

"नाही."

तो गुणगुणत्या क्रँकजवळ गेला. आप्पा म्हणाले, "नको रे भाऊ." पण त्याने दोन्ही तळवे त्यावर ठेवले, एखाद्याच्या छातीवर ठेवावेत तसे. गुणगुण थांबली. ती थांबणारच होती. माझ्या हाताखालीही थांबायची.

मग त्याने हात काढले.

क्रँक गप्प होता.

आम्ही वाट बघितली. ब्लोअर पलीकडे चालूच होता, त्याची घरघर भिंतीतून येत होती. मी जाऊन तळवा लावला. गार लोखंड. मुंगी नाही, काही नाही. जिग्नेशने माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि निघून गेला.

शेडमध्ये जणू सण आला. आप्पांनी उदबत्ती लावली. लेथवाला नारळ घेऊन आला. कितीतरी दिवसांनी सगळे सावलीत जेवायला बसले. मी मात्र डबा न उघडता क्रँककडे बघत होतो. ब्लोअर तोच, जागा तीच, साखळी तीच. तरी क्रँक वाजत नाही, याचा अर्थ क्रँकचा सूर बदलला. आणि लोखंडाचा सूर उगाच बदलत नाही.

मी म्हणालो, "आप्पा, पुन्हा तपासू. टोला द्या."

आप्पांचा चेहरा उतरला. आमच्याकडे एक रीत आहे. बोलका लिहिलेल्या क्रँकला दुसऱ्यांदा टोला द्यायचा नाही. अपशकुन मानतात. "एकदाव इचारं, झायं. परत इचारानं नही," ते म्हणाले. किशोरभाईही म्हणाले, "तपासून झालंय, तुमची सही आहे. उद्या मशीनवर घ्या. आणि आत्ता नाही म्हणालात तर तो म्हातारा काय समजेल? पोरगा येऊन भेटून गेला आणि लगेच साहेबांचं मत फिरलं."

झालंही तसंच. थोड्या वेळाने रमणकाका आले, शांत क्रँक बघितला, कुणीतरी जिग्नेश येऊन गेल्याचं सांगितलं. मी पुन्हा तपासायचं म्हणताच ते स्टुलावरून उठले.

"छोकऱ्याने शिकवलं ना तुम्हाला? मी शाळेत गेलो नाही साहेब, पण वारा कुठून येतो ते कळतं."

"काका, मी त्याला नाहीच म्हटलं होतं. तुमच्यासमोर विचारू. मुका निघाला तर तो मुका. बोलला तर उद्या मी स्वतः उभा राहून ग्राइंडिंग करून देतो."

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "हातोडी मला द्या."

सगळं बंद झालं. त्या दिवशी मी निरोप पाठवून शेजारचा ब्लोअरही बंद करायला लावला. पांडेसऱ्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रमणकाकांनी दोन्ही हातांनी हातोडी धरली आणि टोला दिला.

ठक्.

ओल्या मातीवर नारळ पडावा तसा. त्यामागे काहीच नाही.

"हजी एक वार," ते पुटपुटले. कुणी अडवलं नाही. त्यांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हातोडी उचलली, पण मारली नाही. आप्पांनी ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली.

पडद्याआड मी त्यांनाही नेलं. निळ्या दिव्याखाली, जिथे खुंटा पाळीला मिळतो त्या कोपऱ्यात, हिरवी रेघ पेटलेली होती. जवळजवळ अर्ध्या गोलाला वळसा घालून गेलेली. हीच जागा मी काही दिवसांपूर्वी बघितली होती, आणि तिथे काही नव्हतं.

"हा घेऊन जिग्नेश गेला असता तर?" त्यांनी विचारलं.

"खाडीच्या तोंडाशी जोर लावताना तुटला असता काका. किंवा आणखी पुढे."

ते त्या रेघेकडे बघत राहिले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे निळे दिसत होते.

कारण मी नंतर शोधून काढलं. गंज चिवट होता म्हणून आमच्या एका माणसाने मिलमधल्या भावाच्या मदतीने क्रँक ॲसिडच्या टाकीत बुडवून आणला होता. आमच्या भागात ॲसिड पाण्यासारखं मिळतं; डाग पडला, ॲसिड; गंज चढला, ॲसिड. पण कडक केलेल्या पोलादाला ते चालत नाही. ॲसिडमधला हायड्रोजन पोलादात शिरून बसतो, आणि काही दिवसांनी, कुणी हात न लावता, ताणाच्या जागी भेग पडते. त्या दिवसापासून आमच्याकडे ॲसिडला बंदी आहे आणि प्रत्येक क्रँक पुन्हा तपासला जातो. दुसऱ्या टोल्याचा अपशकुन आता कुणी मानत नाही. आप्पा तर उलट म्हणतात, विचारायला काय जातं?

म्हणजे सगळ्याचा उलगडा झाला. गुणगुण का होती, का थांबली, भेग का पडली. मी तो शेठना लिहूनही दिला. फक्त एक गोष्ट त्यात लिहिली नाही, कारण ती कुठे लिहायची ते कळलं नाही. भेग त्या दिवसांत केव्हाही पूर्ण झाली असती. मध्यरात्री, रिकाम्या शेडमध्ये. ग्राइंडरवर. होडीत बसल्यावर. ती त्या मुलाच्या तळव्यांखाली पूर्ण झाली.

रमणकाकांनी क्रँक भंगारात द्यायला नकार दिला. टेम्पोत घालून घरी नेला. जिग्नेशच्या होडीत पुढे दुसरं इंजिन बसलं.

गेल्या हिवाळ्यात जिग्नेशने मला सहकुटुंब जेवायला बोलावलं. बोंबील, तांदळाची भाकरी, आणि त्याच्या आईने बळेबळे वाढलेलं कालवण. जेवणानंतर काका मला खाडीवर घेऊन गेले. काठाच्या चिखलात तो क्रँक उभा गाडलेला होता, वरचा भाग तेवढा बाहेर. त्याच्या खुंट्याला जाड दोरी बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जिग्नेशची होडी.

"हा आता कुठे जात नाही, आणि होडीलाही जाऊ देत नाही," काका म्हणाले.

भरती चढत होती. होडी पाण्यावर हलली, दोरी सैल होती ती हळूहळू ताठ झाली. काका क्रँककडे बघत हसले.

"दोरी ताणली की बोलतो, साहेब. हात लावून बघा."

ताणलेली दोरी वाहत्या पाण्यात थरथरते, आणि ती थरथर तिला बांधलेल्या वस्तूत उतरते. भेग असलेल्या क्रँकमध्येही थोडीफार उतरेल. हे मला माहीत आहे. आयुष्यभर मी क्रँकला तळवा लावत आलोय. तो माझा धंदाच आहे.

मी हात खिशातच ठेवला. पाणी क्रँकच्या मानेपर्यंत आलं, मग वरून गेलं. दोरी तेवढी दिसत राहिली, पाण्यातून वर येऊन होडीपर्यंत गेलेली, ताठ.